गुडघ्याची तारीख: 14 महिन्यांच्या प्रतीक्षेचं एक प्रकरण

मार्च 2023 मध्ये काकूंकडे पहिल्यांदा गेले तेव्हा बेल वाजवूनही कोणी दार उघडलं नाही. आतून आवाज आला, "कडी काढलेलीच आहे गं, ढकल." काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. डावा हात ओट्यावर दाबून धरलेला, उजव्या हातात लाटणं आणि सगळं अंग डाव्या पायावर. तवा तापलेला होता, त्यामुळे दारापर्यंत येणं म्हणजे एक पोळी करपणं, शिवाय जाऊन-येऊन 16 पावलं. ती 16 पावलं त्या वाचवत होत्या.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्याच्या दक्षिण भागात घरी जाऊन उपचार करते. हे प्रकरण काकूंच्या परवानगीने लिहिते आहे. नाव देत नाही आणि घरचे काही तपशील बदलले आहेत.

काकूंचं वय 63, वजन 78 किलो. 11 वर्षांपासून मधुमेह, त्याच्या आधीपासून रक्तदाब. धनकवडीत दुसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही, 34 पायऱ्या. काका पीएमटीतून, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेतून, निवृत्त. घरात मुलगा, सून आणि शाळेत जाणारा नातू. गेली 20 वर्षं काकू कॉलेजच्या मुलांना पोळ्या करून देतात, रोज 80 ते 100. गुडघे त्या ओट्यापाशीच झिजले असं त्यांचं म्हणणं. वजन, वय, आईचेही गुडघे गेलेले होते हे सगळं धरलं तर कारण एकच नव्हतं, पण मी वाद घातला नाही.

एक्स-रेमध्ये उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूची फट पार मिटलेली होती, हाडाला हाड लागलेलं. सांध्याची झीज 0 ते 4 अशी मोजतात. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी 1957 मध्ये मांडलेली ही मोजपट्टी आजही रिपोर्टवर दिसते. काकूंचा उजवा गुडघा 4, डावा 3. उभ्या राहिल्या की उजवा पाय धनुष्यासारखा बाहेर झुकलेला दिसायचा. दुखण्याला 10 पैकी किती मार्क, असं विचारल्यावर म्हणाल्या, "सकाळी आठ, रात्री आठ. मधे मोजायला वेळ नसतो." खुर्चीवरून हात न टेकता 30 सेकंदांत किती वेळा उठता येतं हे पाहिलं. या वयाच्या बाईला निदान 12 वेळा तरी जमावं. काकू 4 वेळा उठल्या आणि पाचव्या वेळी खुर्चीत कोसळल्या.

सांधा बदलायचा हे जानेवारीतच ठरलं होतं. खासगीत अडीच लाखांच्या घरात खर्च सांगितला होता. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. दीड लाखाच्या पुढे जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा 54,720 रुपये अधिक करावर आला. पण बिल फक्त सांध्याचं नसतं. खोली, भूल, सर्जन, औषधं हे सगळं वरून येतं. म्हणून मुलाने एका धर्मादाय रुग्णालयात सवलतीच्या खाटेसाठी नाव घातलं. अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. खाटा मोजक्या, रांग मोठी. "चार-पाच महिने धरून चला," असं खिडकीवर सांगितलं गेलं.

प्रत्यक्षात 14 महिने लागले. ते कसे लागले, हेच या प्रकरणात सांगण्यासारखं आहे. रुग्णालयाकडून उशीर झालाच, पण तारीख जितक्या वेळा पुढे गेली त्यातल्या बहुतेक वेळा कारण एकच होतं: वाट पाहण्याचे दिवस सुसह्य व्हावेत म्हणून काकूंनी जे केलं, त्यानेच वाट लांबली.

माझा कागद

आधी माझी चूक. पहिल्या भेटीत मी काकूंना आठ व्यायामांचा छापील कागद दिला. चित्रं, आकडे, दिवसातून तीन वेळा. पुढच्या आठवड्यात तो कागद पिठाच्या डब्याखाली होता, डबा हलू नये म्हणून घडी करून घातलेला. काकू ओशाळल्या नाहीत. "अगं, आठ कुठले करू? उठून बसले की निम्मा जीव जातो."

त्यांचं खरं होतं. त्यांच्या दिवसात व्यायामाला जागाच नव्हती. सकाळी बरं वाटलं की 80 पोळ्या एका दमात, वरून डबे घासणं, देव, कपडे. दुपारी तीनला पाय भरून यायचा. मग दुसरा दिवस पूर्ण आडवं. तिसऱ्या दिवशी अपराधी वाटून पुन्हा दुप्पट काम. जुनं दुखणं असलेल्या बहुतेक बायकांचा आठवडा असाच वर-खाली चालतो. त्यात घरातली माणसं मायेनेच म्हणतात, "तू काही करू नकोस, ऑपरेशन होऊ दे." ते ऐकलं की बाई एक तर चोरून काम करते, नाही तर पलंगावर पडून मांडीचा उरलासुरला स्नायूही गमावते.

कागद फाडला आणि एकच व्यायाम ठेवला. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचा. मांडीचा पुढचा स्नायू यानेच जागा राहतो आणि ऑपरेशननंतर पाय उचलायला तोच लागतो. किती वेळा, हे काकूंनीच ठरवलं. सकाळी पलंगावर बसून त्या जपाची माळ ओढतात, तर एका मण्याला एक दाब. 108 एकदम जमणं शक्य नव्हतं. पाव माळ, म्हणजे 27 वर तडजोड झाली. हा व्यायाम शेवटपर्यंत एकदाही चुकला नाही. मी सांगितलेले सात कुठे गेले ते मलाही आठवत नाही.

शेवयांचा डबा

जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली. आधीच्या तपासण्यांत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट गाळत नसलं की रक्तात वाढणारा आकडा, 1.8 आलं. भूलतज्ज्ञांनी फाईल परत पाठवली: आधी मूत्रपिंडाचं बघा.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा विचारलं, "काकू, दुखण्यावर काय काय घेता ते दाखवा." त्यांनी वरच्या फळीवरून शेवयांचा डबा काढायला लावला. आत ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळीच्या तीन स्ट्रिप्स, वेगळ्या पॅरासिटामॉल 650 च्या दोन, एका भावजयीने दिलेल्या बिननावाच्या गुलाबी गोळ्या आणि एक चुरगळलेलं प्रिस्क्रिप्शन, दोन वर्षांपूर्वीचं, पाच दिवसांसाठीचं. कोपऱ्यावरचं मेडिकल तेवढ्यावर दोन वर्षं गोळ्या देत होतं. रोज दोन, जास्त डबे असले तर तीन.

रक्तदाबासाठी काकू टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र असलेली गोळी घेत होत्या. गोळी चांगलीच आहे, पण ॲसिक्लोफेनॅकबरोबर रोज घेतली की मूत्रपिंड तिन्ही बाजूंनी कोंडीत सापडतं. दुखण्याची गोळी मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी नळी आकुंचित करते. टेल्मिसार्टन बाहेर नेणारी नळी सैल करतं. तिसरं औषध अंगातलं पाणी कमी करतं. मग गाळणीत दाबच राहत नाही. त्यात काकू संध्याकाळी पाचनंतर पाणी प्यायच्या नाहीत, कारण रात्री उठून संडासापर्यंत जाणं नको. रात्री दुखण्याने जाग आली की मात्र चहा आणि चहात बुडवून चार बिस्किटं. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी, 9.1 होती, त्याचा एक धागा इथे होता. साधारण आठच्या खाली आल्याशिवाय सर्जन सांध्याला हात लावायला नाखूश असतात, कारण साखर जास्त असली की जखम चिघळण्याची भीती.

मार्चपासून मी त्या स्वयंपाकघरात दर आठवड्याला जात होते. डबा माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर होता. औषधं हे माझं काम नाही, असं मी धरून चालले होते.

फिजिशियननी दुखण्याची गोळी बंद केली, रक्तदाबाची बदलली, पाणी वाढवायला सांगितलं. पॅरासिटामॉल ठेवलं, पण ठरलेल्या वेळी: सकाळी, दुपारी, रात्री, दुखो न दुखो. असह्य झाल्यावर घेतलेली गोळी मागून धावते, हे काकूंना लगेच पटलं. "दूध उतू गेल्यावर गॅस बंद करण्यासारखं," असं त्याच म्हणाल्या. वरून लावायला डायक्लोफेनॅकचं जेल दिलं. ते रक्तात फार थोडं जातं.

आणखी एक गोळी दिली, ड्युलॉक्सेटिन, 30 मिलिग्रॅम. इथे गंमत झाली. मेडिकलवाला म्हणाला, "ही डिप्रेशनची आहे." मुलाने मोबाइलवर पाहिलं, तिथेही तेच. काकू दुखावल्या. "म्हणजे डॉक्टरांना वाटतं, मी दुखण्याचं नाटक करते?" गोळ्या डब्यात पडून राहिल्या. दोन आठवड्यांनी मला कळलं. मग मी त्यांना त्यांचाच अनुभव सांगितला. ज्या दिवशी तारीख पुढे गेल्याचा फोन आला, त्या रात्री गुडघा जास्त दुखला की नाही? एक्स-रे तर तोच होता. नातू मांडीवर येऊन झोपतो तेव्हा अर्धा तास कळत नाही, तेव्हाही एक्स-रे तोच असतो. गुडघ्याकडून निघालेली खबर पाठीच्या कण्यात आणि मेंदूत कमी-जास्त होते. मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये हे दाराच्या उदाहरणाने मांडलं: कण्यात एक दार आहे, ते उघडंही राहतं आणि मिटतंही. ठेच लागली की आपण चोळतो ते त्यामुळेच. बरेच महिने दुखत राहिलं की ते दार जणू उघडंच अडकतं. ही गोळी ते ओढून घ्यायला मदत करते, आणि उदासीवरही चालते, दोन्ही खरं. काकूंनी गोळी सुरू केली. पहिला आठवडा मळमळलं, नंतर झोप सुधारली. दुखणं आठावरून सहावर आलं. रात्रीची बिस्किटं आपोआप बंद झाली, कारण त्या जाग्याच होत नव्हत्या.

अधिक महिना

सहा आठवड्यांनी क्रिएटिनिन 1.2 वर आलं. पण 2023 साली श्रावण अधिक होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट. अधिकात नको म्हणून घरच्यांनीच तारीख मागितली नाही. पुढे निज श्रावण, मग गणपती, मग पितृपक्ष. रुग्णालयाने नवरात्र बसल्यानंतरची, ऑक्टोबरची तारीख दिली. पंचांगामुळे ऑपरेशन लांबवणाऱ्यांवर मी पूर्वी चिडायचे. आता चिडत नाही. ज्या बाईच्या हातात तारखेबद्दल काहीच नाही, तिला एवढं तरी ठरवावंसं वाटतं.

या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त काम झालं, आणि बरंचसं स्वयंपाकघरात. उंच स्टूल आणलं, ओट्याशी बसून लाटता येईल असं, पाय टेकायला खाली देवघरातला पाट. काकू बसून लाटणार, सून भाजणार. 20 पोळ्या झाल्या की दहा मिनिटं पाय लांब. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, "आणि तवा? गॅस जळतो तो कोण भरणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सुनेने काढलं: त्या दहा मिनिटांत ती तव्यावर घरच्या भाकरी टाकायची. दुखायला लागल्यावर थांबायचं नाही, त्याच्या आधी थांबायचं, एवढा एकच नियम. 80 वरून 60 पोळ्यांवर आल्या, पण त्या रोज झाल्या. आडवं पडायचे दिवस गेले.

काठी त्यांच्याकडे होती, काकांनी तुळशीबागेतून आणलेली. त्या ती उजव्या हातात धरायच्या, कारण उजवा गुडघा दुखतो. बहुतेक लोक अशीच धरतात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात हवी. उजवा पाय टेकतो त्याच वेळी डाव्या हातातली काठी टेकली, तर शरीराचा भार दोघांत वाटला जातो आणि माणूस एका बाजूला लचकत नाही. उंची मनगटाच्या घडीइतकी. काठी चार बोटं कापावी लागली. जिन्यासाठी एक ओळ पाठ करून घेतली: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे आणि संडासात कमोडची खुर्ची. खुर्चीचा सगळ्यात जास्त फायदा झाला आणि तिलाच सगळ्यात जास्त विरोध झाला होता.

वजन तीन किलो उतरलं. तीन म्हणजे काहीच नाही, असं काकूंना वाटलं. पण चालताना शरीराचा एक किलो कमी झाला की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंच्या आसपास कमी होतो, हे सांगितल्यावर त्यांनी ते काकांना दोनदा ऐकवलं.

उद्दिष्ट काय ठेवायचं, हे मी विचारलं होतं. पूर्वी त्या पालखीबरोबर दिवे घाट चढून सासवडपर्यंत गेलेल्या, म्हणून मला वाटलं तसलं काही सांगतील. त्या म्हणाल्या, "खाली उतरून कोथिंबीर स्वतः आणायची. ही आणते ती पिवळी असते." ऑगस्टच्या शेवटी त्या 34 पायऱ्या उतरल्या, चौकापर्यंत गेल्या, दोन जुड्या नाकाशी धरून पाहिल्या, एक परत केली.

गौरी

आणि मग सप्टेंबर. 22 तारखेला गौरीजेवण. 16 भाज्या, पुरणपोळी, 20-25 माणसं. काकूंना त्या दिवशी उभं राहायचंच होतं. कोणी तरी एका दवाखान्याचं नाव सांगितलं. आठवडाभर आधी गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं आणि दुखणं दोनावर आलं. गौरी थाटात झाल्या. मीही जेवून आले, काकू वाढत होत्या. मला वाटलं, आपली मेहनत फळाला आली. इंजेक्शनचं मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

ऑक्टोबरमध्ये सर्जननी विचारलं, मध्यंतरी गुडघ्यात काही टोचलं का? तारीख तिथेच रद्द. स्टेरॉइडने सांध्यातली रोगप्रतिकाराची ताकद काही काळ मंदावते. तेवढ्यात नवा सांधा बसवला तर आत जंतुसंसर्गाची शक्यता वाढते, आणि बसवलेला सांधा दूषित झाला तर तो काढून पुन्हा ऑपरेशन करायची पाळी येऊ शकते. म्हणून इंजेक्शननंतर तीन महिने थांबतात. शिवाय त्या इंजेक्शनने साखरही काही दिवस चढली होती.

इंजेक्शन वाईट नव्हे. ज्याचं ऑपरेशन दूर आहे त्याला त्याने चांगले दिवस मिळतात. पण टोचणाऱ्याने "ऑपरेशनच्या यादीत आहात का?" एवढं विचारलं नाही, आणि यादीत नाव घालणाऱ्यांनीही जानेवारीत "इंजेक्शन घेऊ नका" असं सांगितलं नव्हतं. मी तरी कुठे सांगितलं होतं? काकू त्या दिवशी रडल्या, गुडघ्यासाठी नाही. "माझ्याच हाताने घालवली गं तारीख." पुढचे पंधरा दिवस दुखणं पुन्हा आठ.

तेव्हा आम्ही फ्रिजवर कागद चिकटवला, काकूंच्या नातवाच्या अक्षरात, चार ओळी: 1) न विचारता दुखण्याची गोळी नाही. 2) गुडघ्यात इंजेक्शन नाही. 3) दात दुखला, लघवीला जळजळ झाली, पायाला जखम झाली, तर लगेच डॉक्टर. 4) गुडघ्याला काहीही लावायचं नाही, जेल सोडून.

बिब्बा

चौथ्या ओळीचा अर्थ नीट पोचला नाही. नवी तारीख जानेवारी 2024 अखेरची. संक्रांतीच्या सुमारास थंडी कडाक्याची होती, सकाळी गुडघा लाकडासारखा व्हायचा. शेजारच्या आजींनी मायेने बिब्बा तापवून गुडघ्याभोवती चार ठिपके दिले. बिब्ब्याचा चीक म्हणजे पूर्वी धोबी कपड्यांवर कायमची खूण करायचे तो. कातडीवर तो भाजल्यासारखे फोड आणतो. दुसऱ्या दिवशी दोन फोड, एक फुटलेला. चीर जिथे द्यायची नेमकं तिथे. "लावायचं नाही लिहिलंय, पण बिब्बा म्हणजे लावणं थोडंच? तो चटका," असं आजींचं स्पष्टीकरण. भाषेच्या दृष्टीने त्यांचं बरोबर होतं.

कातडी भरायला तीन आठवडे गेले. फेब्रुवारीत काकूंना दाखल केलं, रात्री बारापासून उपाशी ठेवलं. दुपारी चारला कळलं, आधीच्या रुग्णाला वेळ लागला, आज होणार नाही. मधुमेही बाई, 16 तास पोटात अन्न नाही. त्या दिवशी कोणाची चूक नव्हती असं रुग्णालयाचं म्हणणं. असेलही. पण यादीत आपण कितवे, हे सकाळी सांगता आलं असतं.

मार्चच्या मध्यावर ऑपरेशन झालं. त्याच्या आदल्या आठवड्यातले आकडे: दुखणं पाच ते सहा, खुर्चीवरून 30 सेकंदांत 9 वेळा, एचबीए1सी 7.4, वजन 74. गुडघा एक्स-रेमध्ये होता तसाच, किंबहुना थोडा जास्त झिजलेला. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभ्या राहिल्या. टॉवेल दाबायला सांगितला तर तिथल्या फिजिओला म्हणाल्या, "माळ आणा आधी."

आता डाव्या गुडघ्याचं नाव यादीत गेलं आहे. फ्रिजवरचा कागद तसाच आहे, कडा तेलकट झाल्यात. चौथ्या ओळीत नातवाने "बिब्बा पण" असं कंसात घातलं आहे. त्याखाली पाचवी ओळ काकूंच्या अक्षरात आहे: "उपाशी राहायच्या आधी विचारणे, यादीत कितवा नंबर."